एकशेचार ताप आणि आक्काचा कावळा

ठेव गं सुमन, च्या ठेव. गॅस मोठा कर, बारीक कर, तुझं तू बघ. मी काय बोलणार नाय. माझं तोंड बांधलेलं हाय.

कुणी बांधलं म्हणता? एका कावळ्यानं! आणि त्याला हात दिला आमच्या वैशूच्या फटफटीनं.

हसू नका बायांनो. दहाव्याची गोष्ट हाय ही, हसायची न्हवं. पण त्या दिवशी माझ्या हातनं जो घोळ झाला, तसा अख्ख्या बजाजनगरात कुणाच्या हातनं झाला नसंल. ऐका आणि मग तुम्हीच सांगा, मला अक्कल हाय का नाय.

देवगाव रंगारीला माझी थोरली बहीण होती, आक्का. ती वारली. पिकलं पान होतं, झोपेतच गेली, कुणाला तरास दिला नाय. आमच्या बापाच्या लेकरांत आता मी एकटीच मागं उरले. जायच्या आधी आक्कानं तिच्या लेकाला, बाळूला, बजावून ठेवलं होतं, "माझ्या पिंडाजवळ धाकटीच्या हातचं धपाटं ठेवा. दुसऱ्या कुणाचं मला गोड लागत नाय."

धाकटी म्हंजे मी.

आता कावळ्याचं तर तुम्हाला ठावं हाय. दहाव्याला नदीवर पिंड ठेवायचं. कावळ्यानं शिवलं की गेलेल्याचा जीव सुटला. नाय शिवलं तर जीव कशात तरी अडकलाय. मग लेकी-सुना, पाव्हणेरावळे हात जोडून उभे राहत्यात, "हे करू, ते करू, आता घास घे माय." तरी नाय आला, तर गुरुजी दर्भाचा, म्हंजे गवताचा, कावळा करत्यात आणि त्यालाच पिंडाला लावत्यात. झालं काम.

माझ्या आक्काला गवताचा कावळा? मी जित्ती असताना? छे!

म्हणून पहाटंच उठून धपाटे थापले. चांगला लसूण घालून. गुरुजींनी आधीच निरोप धाडला होता, लसूण चालत नाय म्हणून. म्हणलं, खाणार कोण हाय, गुरुजी का आक्का?

माझा लेक दत्ता आणि सूनबाई कारनं पुढं गेले. मला म्हणाले चल. मी नाय गेले. काचा बंद, ती गार हवा, तो अत्तराचा वास. वाळूज येईस्तोवर माझ्या पोटातलं सगळं वर येतं. आपली यष्टी बरी, खिडकीला तोंड लावून बसावं. धपाट्याची पिशवी घेऊन थांब्यावर जाऊन उभी राहिले.

यष्टी काय आली नाय.

ऊन चढत गेलं. एक गाडी आली ती थांबली नाय, दुसरी आली ती देवगावची न्हवती. माझ्या डोळ्याला धार लागली. तिकडं पिंडं तयार असतील, माझ्यासाठी सगळे खोळंबले असतील, आणि मी इथं मेंढरासारखी रस्त्याच्या कडंला! तेवढ्यात वैशू आली.

वैशू म्हंजे दत्ताची लेक. इथंच कंपनीत कामाला हाय, मशीनचे सुटे भाग मापती. त्या दिवशी तिला पुऱ्या दिवसाची रजा मिळाली न्हवती, अर्ध्या दिवसाची काढून निघाली होती. तिची ती फटफटी तुम्ही बघितलीच हाय. शर्यतीची गाडी म्हणं. सांड शिंगं खाली घालून मातीत खूर घासत उभा राहतो ना, तशी. आणि मागची शीट? वरवंट्याएवढी रुंद आणि वळचणीएवढी उंच!

"आज्जी, बस मागं."

"ह्याच्यावर? मी?"

"मग मोठ्या आज्जीला काय सांगू, यष्टी चुकली म्हणून?"

नऊवारी होती म्हणून बरं, दोन्हीकडं पाय टाकून बसले. डोक्यावर तिनं हेल्मेट बसवलं, हंडा पालथा घातल्यासारखं. धपाट्याची पिशवी पोटाशी बांधली, पोरीच्या कमरेला मिठी मारली आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा वाळूज मागं पडलं होतं. शीट उंच, त्यामुळं पोरीच्या खांद्यावरनं मला पुढचं सगळं दिसत होतं. आरशाच्या मधी एक काच, आणि काचंत आकडे. एक आकडा सारखा पळायचा, तो वेगाचा असणार हे मी वळखलं. दुसरा एका कोपऱ्यात शांत बसलेला, शहाऐंशी. त्याच्याजवळ काचेच्या नळीचं चित्र.

शाळेचं तोंड मी बघितलं नाय, पण आकडे मला येत्यात. आणि ती नळी तर मी झोपेतसुद्धा वळखीन! ह्याच वैशूला लहानपणी उठता बसता ताप यायचा. काखंत नळी लावायची, आकडा बघायचा. अठ्ठ्याण्णव, लेकरू खेळायला मोकळं. शंभर, डोळ्यात तेल घालून बसा. एकशेचार म्हंजे मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या आणि रिक्षा बोलवा!

दुसरी गोष्ट, इंजन मला नवं न्हवं. आमच्या हिरीवर डिझेलचं इंजन होतं. मालक दारं धरायला, म्हंजे पिकाला पाणी वळवायला, जायचे आणि इंजनाजवळ मी. त्याच्यातनं फिरून येणाऱ्या पाण्याला हात लावायचा. लेकराच्या अंघोळीइतकं कोमट लागलं तर चालू द्यायचं, चटका बसला की बंद. शेजारच्या रानातलं इंजन असंच तापत गेलं, कुणी बघितलं नाय, आणि आतल्या आत चिकटून बसलं. पुन्हा काय फिरलं नाय. तेव्हापासनं शिवारातले गडी इंजनाचं मला इचारायचे. उगंच सांगत नाय.

तर अशी मी दोन्हीकडनं जाणकार. आता घोळ व्हायला अजून काय लागतं?

लासूर स्टेशनला आलो आणि पुढं कांद्याचे ट्रॅक्टर. एकामागं एक, मुंगीला वाट नाय. वैशू पाय टेकवत, इंचाइंचानं पुढं. वरनं ऊन, खालनं इंजनाची झळ, भाकरीच्या तव्यावर बसल्यासारखं. आणि तो आकडा उठला! नव्वद. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णवला मी मनात म्हणलं, बरी झाली पोर. पण तो कुठं थांबतोय? शंभर. एकशेदोन. एकशेचार!

आणि खालनं आवाज सुरू झाला, घूंऽऽऽ. भूत लागल्यासारखा.

"वैशू! थांब! हिला एकशेचार हाय!"

"असू दे आज्जी. तिला चालतं तेवढं."

"चालतं कसं? आणि घुमायला काहून लागली ती?"

"पंखा लागलाय. एकशेतीनच्या पुढं गेलं की आपोआप लागतो. हिचं ऐंशी ते एकशेपाच नीटच असतं. माणसाचं माप वेगळं, हिचं वेगळं."

"ताप तो ताप. माणसाचा काय आणि गाडीचा काय! बंद कर."

"आज्जी, उशीर होतोय."

"बंद कर म्हणते ना! एकीच्या दहाव्याला चाललोय, आणखी एकीचा घालायचा का?"

पोरीनं गाडी कडंला घेतली आणि बंद केली. मी खाली उतरले. घटकाभर थांबले आणि म्हणलं, आता चावी फिरवून आकडा दाखव. उतरला असंल.

एकशेसात!

"बघ! बघ! वाढलाच!"

"अगं, बंद केली म्हणून वाढलाय. आतलं पाणी फिरायचं थांबलं, वाराही नाय."

मी कशाची ऐकते. मी बोट लावून बघितलं, हिरीवर बघायची तसं. चर्र! हे बघा, डाग अजून हाय. तोंडात बोट घालून मी उभी, वैशू डोक्याला हात लावून उभी. समोर टरबूजवाले एक चाचा बसले होते. त्यांना कळवळा आला.

"अम्मा, क्या हुआ?"

"ताप आलाय हो हिला. एकशेसात."

"अरे, तो गिल्ला कपडा रखो नं. हमारे टेम्पोकू हम यैच करते." आणि टरबुजावरचं भिजलेलं पोतं उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं.

पट्ट्या! म्हंजे मी म्हणत होते तेच की! पुढच्या चाकामागं जी जाळी असती ना, जिथनं झळ येत होती, त्या जाळीवर मी ते पोतं नीट अंथरलं. कपाळावर पट्टी ठेवावी तसं, मायेनं दाबून.

"आज्जी, काढ ते! तिचं नाक दाबलंस तू! तिथनंच हवा जाती आत!"

एकशेदहा.

चाचा म्हणाले, "और पानी डालूं क्या?"

"नक्को!" वैशू अशी वरडली की कांद्याच्या ट्रॅक्टरवरची माणसं वळून बघायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. दत्ताचा. वैशूनं माझ्या कानाला लावला.

"आई, कुठंयस? सगळी तयारी झालीया. पिंड मांडायचं म्हणत्यात. बाळूदादा म्हणतो, मावशीच्या धपाट्याशिवाय आई शिवणार नाय. पण गुरुजींना पुढं दुसरीकडं जायचंय. ये गं लवकर."

मी पिशवीची गाठ परत आवळली. वैशूनं पोतं उचललं, चाचांना परत दिलं आणि माझ्याकडं बघितलं. रागानं न्हवं, शांतपणं.

"आज्जी, आता तूच ठरव. हिला बघायचं का मोठ्या आज्जीला?"

मी हेल्मेट डोक्यात घातलं आणि मागं चढून बसले.

ट्रॅक्टर सरकले, रस्ता मोकळा झाला आणि गाडी सुटली. आणि काय सांगू बायांनो, आकडा उतरायला लागला! शंभर, पंच्याण्णव, नव्वद. पळता पळता ताप उतरतो, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. आम्ही लेकरांना उगंच गोधडीत दाबून झोपवलं म्हणायचं.

चौऱ्याऐंशी. ब्याऐंशी. आता मला दुसरीच काळजी लागली. आक्का गेली त्या दिवशी तिचा हात मी हातात घेतला होता. कसा गार लागला होता, ते आठवलं. कितीही चोळला तरी ऊब येईना.

"वैशू, गार पडायला लागली गं ही..."

"आज्जी, आता तू एक शब्द बोललीस ना, तर मी हेल्मेटात रडंन."

मी गप बसले. पण डोकं गप बसतंय होय? डोक्यात मी शिकले ते पक्कं करून ठेवलं: हिला बंद केली की ताप चढतो, चालू ठेवली की उतरतो. येवढं शहाणपण मी लासूरवरनं गाठीला बांधून आणलं. आणि तिथंच माझा घात झाला.

देवगावात शिरलो. गल्लीत म्हशी, पुढं बैलगाडी, नदीकडं खडकाळ वाट. आकडा परत चढला, एकशेचार, आणि पंखा लागला. घाटाच्या वरच्या अंगाला महादेवाचं देऊळ हाय, त्याच्या मागं मोठा लिंब. गार सावली बघून वैशूनं गाडी तिथं लावली आणि चावीला हात घातला.

"खबरदार! बंद करायची नाय!"

"आता काय झालं?"

"लासूरला बंद केली तर चढला का नाय? चालू राहू दे. पंखा फिरू दे. अठ्ठ्याण्णववर आला की मग बंद कर. तोवर हिला सोडून हलायचं नाय. माझी शपथ हाय तुला!"

पोरीनं तोंड उघडलं, मिटलं. शपथेपुढं काय बोलणार? ती तिथंच गाडीजवळ उभी राहिली आणि मी पिशवी घेऊन घाट उतरले.

सगळे वाटच बघत होते. बाळू माझ्या गळ्यात पडून लेकरासारखा रडला. साठीचा बाप्या, पण आई ती आई. पिंड मांडलं, शेजारी माझं धपाटं ठेवलं. गुरुजींना लसणाचा वास आला, त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी नदीकडं बघितलं. दत्ता म्हणाला, "मघापासनं कावळं त्या वरच्या लिंबावर बसलेली हायेत. आता पटकन शिवतील." सगळे मागं सरले, हात जोडले.

एक कावळा नाय.

लिंबावर बघितलं तर लिंब मोकळा! मघाची सगळी कावळं उठून नदीपल्याडच्या बाभळीवर जाऊन बसलेली. तिथनं बघत्यात, मान तिरपी करत्यात, पण येत नायत. देवळामागनं बारीक घूंऽऽ येत होतं. नदीकाठी कुणाची ना कुणाची पाण्याची मोटार चालूच असती, कुणाच्या ध्यानात येतंय?

बाळू पुढं झाला. "आई, बांधावरनं चुलत्यांशी भांडणार नाय. घास घे."

नाय.

त्याची बायको पुढं झाली. "आत्याबाई, तुमची शेळी इकणार नाय. तुमच्यासारखीच सांभाळीन."

बाभळीवर एक कावळा नुसता वरडला.

दत्ता म्हणाला, "मावशी, बाळूदादाला एकटं पडू देणार नाय." सूनबाई म्हणाली, "दर वर्षी येऊ." कुणी देवळाला घंटा बोलली, कुणी नातवाचं शिक्षण बोललं. ऊन डोक्यावर आलं. लेकरं भुकेजली, पण कावळा शिवल्याबिगर खाणार कोण? आणि मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"मावशी," बाळू म्हणाला, "तिचा जीव तुझ्यातच अडकलाय."

मी पुढं झाले. म्हणलं, "आक्का, मी आलेय बघ. धपाटं आणलंय. लसूण घातलाय. बाळूला माझ्या लेकासारखा बघीन. दर सालाला धपाटं देईन. ये की गं."

काही नाय. नुसतं घूंऽऽ.

गुरुजींनी पिशवीतनं दर्भ काढला. सावकाश त्याची गाठ मारायला लागले. आक्का आयुष्यभर कुणाला अडून बसली नाय, कुणाला काय मागितलं नाय, आणि आज गवताच्या कावळ्यावर तिची बोळवण? काय पायजे असंल तिला? काय राहिलं असंल तिचं माझ्याकडं?

आणि मला आठवलं.

जवा जवा मी देवगावला जायची, तवा तिच्या चुलीशी बसून मी सांगायची, "आक्का, मीठ आधी घाल. आक्का, लाकूड मागं घे. आक्का, शेळीला असं बांधू नको." आणि आक्का हसून म्हणायची, "धाकटे, तुझं सगळं चांगलं हाय गं. एवढी न इचारता शिकवायची खोड सोड. मरायच्या आधी एक दिस तरी तुला गप बसलेली बघू दे."

ते राहूनच गेलं होतं.

मी गुडघ्यावर बसले. सगळ्या गावासमोर पदर पसरला आणि मोठ्यानं म्हणलं, "आक्का, तुझ्या गळ्याची आण! आजपासनं न इचारता मी कुणाला एक शब्द शिकवणार नाय. कुणाच्या कामात तोंड घालणार नाय. ज्याचं त्याला करू दे. आता तरी ये!"

आणि घूंऽऽ थांबलं.

अशी शांतता झाली म्हणून सांगू! नदीचं पाणी ऐकू यायला लागलं. बाभळीवरनं एक कावळा उठला. मोठा, काळाभोर. पाण्यावरनं सरळ आला, पिंडाजवळ उतरला, तुरुतुरु चालला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि पहिला घास घेतला तो धपाट्याचा!

सगळे रडले. बाळूनं माझे पाय धरले. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, "बहिणीचं मन बहिणीलाच कळतं." गुरुजींनी दर्भ पिशवीत टाकला आणि म्हणाले, "अशी प्रचीती फार कमी बघायला मिळते." मी पदरानं डोळे पुसत घाट चढले. मन कसं हलकं झालं होतं.

वर वैशू गाडीला टेकून उभी. गाडी बंद.

"अठ्ठ्याण्णव आलं का गं?" मी इचारलं.

"कुठलं येतंय! नव्याण्णववर आलं की पंखा थांबायचा, थांबला की परत चढायचं. चढलं की परत पंखा. दिवसभर उभी राहिले असते तरी अठ्ठ्याण्णव आलं नसतं. उन्हात उभ्या गाडीचं असंच असतं."

"मग बंद कशी केलीस? माझी शपथ होती ना?"

पोरीनं चावी माझ्यासमोर हलवली. गालात हसू, डोळ्यात पाणी.

"तूच तर खालनं ओरडलीस, कुणाच्या कामात तोंड घालणार नाय, ज्याचं त्याला करू दे. म्हणलं, शपथ सुटली. फिरवली चावी." मग तिनं वर बोट केलं. "आणि आज्जी, ती कावळं ह्याच लिंबावर होती. गाडी लावली तशी भुर्र उडाली. मी तुला तेच सांगणार होते, पण तू बोलू कुठं दिलंस?"

मी वर बघितलं. कावळ्याचं रिकामं घरटं, आणि बरोबर त्याच्याखाली गाडीचं शेपूट.

म्हंजे बघा. गाडीला काही झालं न्हवतं. ऐंशी ते एकशेपाच, ठणठणीत होती बिचारी. आक्काचाही जीव कशात अडकला न्हवता. कावळा अडवून ठेवला होता तो मीच! बाळू बांध सोडून बसला, सुनेच्या गळ्यात शेळी पडली, देवळाला घंटा बसली, हे सगळं माझ्या एका शपथंपायी.

हे मी देवगावात कुणाला सांगितलं नाय. काय तोंडानं सांगू? तिथं अजून म्हणत्यात, आक्कानं धाकटीचा शब्द घेतला. आणि खरं सांगू का, रातच्याला पडल्या पडल्या मलाही कधी कधी तसंच वाटतं. वैशूनं चावी फिरवली हे खरं. पण तिच्या हाताला नेमकी तीच येळ कुणी सुचवली?

ते काय असंल ते असो, आण ती आण. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडता येत नाय. आता घरात सूनबाई फोडणीत आधी हळद टाकती, मी बघते. दत्ता नळ चालू ठेवून दाढी करतो, मी बघते. कधी राहवलं नाय आणि तोंड उघडलं, की आतल्या खोलीतनं वैशूचा आवाज येतो, "काव!"

मिटलं तोंड.

काय झालं सुमन? अगं बया, च्या उतू गेला? सगळा? शेगडीवर पण आला?

व्हय गं, दिसत होतं ना मला. मघापासनं वर चढत होता. मी आपली गप बघत बसले होते.